गर्दीच्या मैदानावर डिस्क गोल्फ: नागपुरात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

डिस्क गोल्फ समजायला सोपा आहे. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि साखळ्या लावलेल्या टोपलीत जाईपर्यंत किती फेकी लागल्या ते मोजायचं. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. हा खेळ रुजलाही सार्वजनिक बागेतच. 1975 साली एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स आखला आणि 1976 मध्ये पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना सुरू केली. आज जगभर स्पर्धा तिच्याच नियमांनी होतात.

नागपुरात मात्र सकाळी सहाला कुठल्याही मैदानावर जा. ट्रॅकवर चालणाऱ्यांची रांग, एका कोपऱ्यात हास्यक्लब, दुसरीकडे चटया टाकून योगासनं आणि मधोमध टेनिस बॉलचं क्रिकेट. तुमच्या हातातली डिस्क साधारण 170 ग्रॅमची, कडक प्लास्टिकची, आणि नवखा माणूसही ती ताशी 60 किलोमीटरने सहज सोडतो. कानशिलावर बसली तर टाके पडतात. म्हणून जागा, वेळ, डिस्क, अंतर, सगळं एकाच प्रश्नावर ठरवायचं: फेक चुकली तर ती कुठे जाईल? चांगली फेक कुठे जाईल याचा विचार पुढे कधीतरी केला तरी चालतो.

जागा आणि वेळ

चालायचा ट्रॅक कडेने जाणारी आणि मधला भाग मोकळा असलेली जागा शोधा. मनपा आणि नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) बऱ्याच लहान बागांत ट्रॅक वळणं घेत मधूनच जातो. तिथे लांब फेकींचा नाद सोडा, फक्त टोपलीजवळचा सराव करा. फुटाळा आणि अंबाझरीचे काठ नकोतच: संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते आणि बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. महाराजबागेत प्राणिसंग्रहालय आहे, त्यामुळे तोही विषय संपला. कस्तुरचंद पार्क किंवा रेशीमबागेसारखी मोठी मैदानं अंतराच्या दृष्टीने उत्तम, पण सभा, प्रदर्शनं आणि रविवारचं क्रिकेट यांचा अंदाज घेऊन जा. रविवारी सकाळी एकाच मैदानावर चार-पाच सामने एकमेकांत मिसळून चाललेले असतात. एका सामन्याचा लाँग ऑन दुसऱ्याच्या पॉइंटला खेटून उभा असतो. त्यात डिस्क घेऊन शिरू नये.

बाग असेल तर फाटकावरचा फलक वाचा आणि आत शिरण्याआधी चौकीदाराशी बोला. डिस्क हातात देऊन दाखवा. न विचारता टोपली उभी केली तर पहिल्याच दिवशी हकालपट्टी होते, आणि मग ‘ते थाळी फेकणारे’ म्हणून कायमची ओळख.

वेळेबद्दल आमचं मत ठाम आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठायची काहीच गरज नाही. सकाळी 11 ते 3 ऊन कोवळं असतं, चालणारे घरी गेलेले असतात, मुलं शाळेत असतात आणि मोकळी मैदानं ओस पडलेली असतात. मार्च ते जून हा पर्याय नाही. तेव्हा उजाडताच सुरू करून सातच्या आत आवरायचं, आणि गर्दी त्याच तासाभरात सर्वांत जास्त असल्यामुळे खेळही छोटा ठेवायचा. नवतप्यात सुट्टी घ्या.

डिस्क कोणत्या घ्याव्यात

अल्टिमेट फ्रिसबीची 175 ग्रॅमची मोठी डिस्क घरी असेल तर पकड आणि सपाट सोडण्याचा सराव तिच्यावर होतो, पण ती डिस्क गोल्फची नव्हे. गोल्फच्या डिस्क व्यासाने लहान, साधारण 21 सेंटिमीटरच्या, आणि कडेला धारदार असतात. तीन जाती आहेत: जाड बोथट कडेचा पुटर, मधला मिडरेंज आणि पातळ रुंद कडेचा ड्रायव्हर.

डिस्कवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेग, म्हणजे ती डिस्क नीट उडायला किती जोरात सोडावी लागते. दुसरा ग्लाइड, ती हवेत किती टिकते. तिसरा टर्न: उजव्या हाताच्या बॅकहँड (हात छातीसमोरून ओढत केलेल्या) फेकीत सुरुवातीला उजवीकडे किती झुकते, आणि हा आकडा जितका उणे तितका झुकाव जास्त. चौथा फेड, वेग मेल्यावर शेवटी डावीकडे किती वळते. इनोव्हाचा अविआर हा पुटर 2, 3, 0, 1 आहे. डिस्क्राफ्टचा बझ हा मिडरेंज 5, 4, -1, 1. इनोव्हाचा लेपर्ड 6, 5, -2, 1, आणि त्याच कंपनीचा डिस्ट्रॉयर 12, 5, -1, 3.

नवखे हमखास डिस्ट्रॉयरसारखी डिस्क मागवतात, कारण व्हिडिओत ती शंभर मीटरच्या पुढे जाते. ती 12 वेगासाठी बनलेली असते. तेवढा वेग हातात नसेल तर तिचा टर्न दिसतच नाही, उरतो तो फक्त फेड. डिस्क सुटते, तीसेक मीटरवर डावीकडे कलते आणि सरळ योगासनांच्या चटईवर जाते. गर्दीच्या जागी पहिले सहा महिने 7 पेक्षा जास्त वेगाची डिस्क पिशवीत ठेवूच नका. एक पुटर आणि एक मिडरेंज पुरे, हौस असेल तर जोडीला लेपर्डसारखी हळू ड्रायव्हर. वजन 165 ते 175 ग्रॅम. रंग गुलाबी किंवा आकाशी घ्या. हिरवी डिस्क पावसाळ्यातल्या गवतात आणि केशरी डिस्क उन्हाळ्यातल्या पाचोळ्यात दिसत नाही.

बाकी सामान: दोन डिस्क मावतील अशी कुठलीही पिशवी, पाणी, कायमच्या शाईचा पेन (डिस्कच्या खालच्या बाजूला फोन नंबर लिहायला) आणि डिस्क पडली ती जागा दाखवायला छोटी चकती. नियमाप्रमाणे ती 7 ते 15 सेंटिमीटर व्यासाची हवी; बरणीचं झाकण चालतं. घाम पुसायला सुती दुपट्टा तसाही गळ्यात असतोच.

टोपली

विकतची घडीची टोपली मिळते. साखळ्यांऐवजी कापडी पट्ट्यांची असेल तर हलकी असते आणि आवाज करत नाही. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण प्राणायाम करणाऱ्या मंडळींपासून पन्नास पावलांवर साखळ्यांचा खणखणाट सुरू झाला की तक्रार येते, आणि ती रास्त असते.

घरी करायची तर 26 इंची सायकलची जुनी रिम भंगारात मिळते. तिचा व्यास साधारण 56 सेंटिमीटर, म्हणजे साखळ्या टांगायला अगदी बेताचा. ती दीड इंची पाइपवर वर बसवा. तिच्यापासून साठेक सेंटिमीटर लांबीच्या बारा ते अठरा हलक्या साखळ्या सोडून त्यांची खालची टोकं पाइपभोवतीच्या एका कडीत बांधा. खाली पसरट टब किंवा जाळीची टोपली, तिची वरची कड जमिनीपासून 80 ते 85 सेंटिमीटरवर. पाइपचा पाया जुन्या टायरात सिमेंट भरून करा. सार्वजनिक जागी खड्डा खणायचा नाही, आणि नागपूरची काळी माती मे महिन्यात तो खणूही देत नाही.

इतकी खटपट नको असेल तर झाडाचं खोड हेच लक्ष्य ठरवा. गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत दोन लाल कापडी पट्ट्या बांधायच्या, मधल्या भागाला डिस्क लागली की होल, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून लक्ष्यापर्यंतचा एक डाव, संपला. अशी लक्ष्यं नियमात बसतात. खिळे ठोकू नका आणि जाताना पट्ट्या सोडून न्या. कोवळी झाडं निवडू नका, डिस्कच्या कडेने साल सोलली जाते.

होल आखणं

गर्दीच्या जागी खेळ बिघडतो तो बहुतेक इथेच. कोर्सचे फोटो पाहून लोक नऊ होल मैदानभर पसरतात आणि प्रत्येक फेक कुणाच्या तरी वाटेवरून जाते.

त्याऐवजी एकच टोपली घ्या. ट्रॅकपासून किमान 15 मीटर आत यायचं, ट्रॅककडे पाठ करून उभं राहायचं आणि समोरच्या मोकळ्या भागात टोपली ठेवायची. मग तिच्याभोवती ट्रॅकच्याच बाजूला अर्धवर्तुळात पाच-सहा टी (पहिली फेक करायच्या जागा) ठरवा: एक 30 मीटरवर, एक 45 वर, एक झाडाच्या डावीकडून, एक उजवीकडून, असं. प्रत्येक फेक लोकांपासून दूर जाते, सगळ्या डिस्क एकाच परिसरात पडतात आणि लक्ष ठेवायला एकच दिशा राहते. सहा टी म्हणजे सहा होल, दोन फेऱ्या केल्या की बारा.

अंतर पावलांनी मोजा. मध्यम उंचीच्या माणसाचं सहज पाऊल 70 ते 75 सेंटिमीटरचं असतं, म्हणजे 45 मीटरला साठेक पावलं. सुरुवातीला 55 मीटरपेक्षा लांब होल नको. फेकीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना 15 मीटर आणि टोपलीच्या मागे 20 मीटर रिकामं हवं. तेवढं नसेल तर होल छोटा करा. बाजूचं अंतर कमी करू नका, कारण नवख्याची फेक लांबीपेक्षा दिशेत जास्त चुकते.

डावी-उजवीही बघा. उजव्या हाताचा बॅकहँड शेवटी डावीकडे वळतो, म्हणून वर्दळ डावीकडे असेल तो टी रद्द करा किंवा तिथून फोरहँड (हात अंगाच्या उजव्या बाजूनेच पुढे आणून) फेका, तो उजवीकडे वळतो. डावखुऱ्यांना सगळं उलट. सकाळी पूर्वेकडे फेकायचा होलही नको. सूर्य डोळ्यांत येतो, डिस्क दिसेनाशी होते आणि मग ती ना तुम्हाला दिसते, ना तिच्या वाटेत आलेल्याला. झाडीमागे लपलेली टोपली कोर्सवर गंमत आणते, गर्दीत ती अपघात आणते.

फेक

बॅकहँडने सुरुवात करा. पहिले काही दिवस धावत येऊन फेकणं नाही, उभ्यानेच.

1. लक्ष्याला काटकोनात उभे राहा, उजवा खांदा लक्ष्याकडे. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, गुडघे सैल.

2. अंगठा डिस्कच्या वर, कडेच्या जरा आत. चारही बोटं खालून कडेच्या आतल्या भिंतीला टेकलेली. पुटर असेल तर बोटं पंख्यासारखी पसरली तरी चालतील. आवळून धरू नका, घट्टपणा सुटायच्या क्षणी आपोआप येतो.

3. डिस्क छातीच्या उंचीवर सरळ रेषेत मागे न्या. हात लांब होतो, खांदे वळतात, वजन मागच्या पायावर जातं.

4. पुढे येताना आधी कंबर, मग खांदा, मग कोपर, सर्वांत शेवटी मनगट. डिस्क छातीजवळून सरळ ओढायची, बशीभर चहा न सांडता नेताय असं समजून. पोटाभोवती गोल फिरवली की जोर निम्मा होतो आणि दिशा नशिबावर जाते.

5. सोडल्यावर हात पुढे वाहू द्या, पुढचा पाय टाचेवर वळू द्या. तो रोवून ठेवला तर गुडघा दुखतो.

पूर्ण ताकदीच्या साठ टक्क्यांनी फेका. हे मनावर घ्यायला लोकांना फार वेळ लागतो. नवख्याच्या हातून साठ टक्क्यांची सपाट फेक शंभर टक्क्यांच्या वेड्यावाकड्या फेकीपेक्षा लांब जाते.

आता चुका, कारण गर्दीत त्याच ओळखायच्या असतात. डिस्क वर चढून थांबते आणि मागे-डावीकडे घसरते, तेव्हा तिची पुढची कड वर आहे. मनगट किंचित खाली, किल्ली फिरवल्यासारखं वळवा आणि अंगठा जरा जोराने दाबा. डिस्क हवेत थरथरत जाते, तेव्हा एकतर फिरकी कमी पडली किंवा सोडताना मनगट तिरकं झालं. फेक दर वेळी उजवीकडे जात असेल तर पकड उशिरा सुटते आहे, बहुतेक वेळा जास्त आवळल्यामुळे. डावीकडे सुटते तेव्हा ती लवकर सोडली जाते आहे, आणि याचं नेहमीचं कारण घामट बोटं. मे महिन्यात पाचव्या-सहाव्या फेकीनंतर हे सुरू होतंच. दर फेकीआधी बोटं आणि डिस्कची कड, दोन्ही दुपट्ट्याने पुसा.

वारा समोरून असेल तर डिस्कला हवा जास्त लागते. ती जास्त उजवीकडे झुकते आणि वर उचलली जाते, म्हणून हळू आणि खाली फेका. मागून वारा असेल तर लवकर खाली बसते आणि डावीकडचं वळण वाढतं. उन्हाळ्याच्या दुपारी गरम वाऱ्याचे झोत कुठूनही येतात, तेव्हा खेळ थांबवलेलाच बरा.

टोपलीजवळ

दहा मीटरच्या आतली फेक म्हणजे पट. फेकी इथेच वाचतात, आणि दाटीच्या बागेतही निर्धास्त करता येणारा सराव हाच. तीन मीटरवरून सुरू करा. वीसपैकी अठरा बसल्या की एक पाऊल मागे. उजव्या हाताने फेकणाऱ्याने मधल्या पाइपच्या किंचित उजवीकडच्या साखळ्यांवर नेम धरावा. डिस्क डावीकडे वळत पाइपकडे येते आणि साखळ्या तिला धरून ठेवतात. डाव्या कडेला लागलेली बहुधा साखळ्या बाजूला सारून पलीकडे निघून जाते. डोळा एका कडीवर ठेवा, अख्ख्या टोपलीवर नाही.

लागतील तेवढे नियम

गटात तिघे-चौघे. पहिल्या होलला कुणीही आधी फेकावं, पुढच्या टीवर मागच्या होलला कमी फेकी लागलेला पहिला. टीनंतर जो टोपलीपासून सर्वांत दूर तो आधी, आणि बाकीचे त्याच्या मागे. मागे म्हणजे खरोखर मागे. बाजूला उभं राहून मोबाइल बघणाऱ्यालाच डिस्क बसते.

डिस्क पडली की तिच्या पुढच्या कडेला लागून झाकण ठेवा आणि डिस्क उचला. झाकणामागे 20 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर लांब अशी पट्टी धरायची. फेक सोडताना एक पाय तिथे टेकलेला हवा आणि दुसरा झाकणाच्या पुढे नको. दहा मीटरच्या आत असाल तर डिस्क सुटल्यावर तोल सावरून स्थिर व्हायचं, मगच पुढे जायचं. फेकीला 30 सेकंद. हरवलेली डिस्क 3 मिनिटं शोधायची, नाही मिळाली तर एक दंड, म्हणजे मोजणीत एक फेक जास्त.

पीडीजीएच्या नियमांतच आहे की कुणाला इजा होऊ शकेल तेव्हा फेकायचं नाही. त्यावर दोन घरगुती नियम लावा. एक, ट्रॅक आणि त्यापलीकडचं सगळं हद्दीबाहेर, एक दंड. दोन, चालत्या माणसाच्या डोक्यावरून गेलेल्या फेकीला दोन दंड, लागली नाही तरी. दंड बसायला लागला की हात आपोआप आखडतात, नुसत्या समजावण्याने ते होत नाही.

माणसं

चालणाऱ्याचा हक्क पहिला, कायम. तो रेंगाळला, फोनवर बोलत मधेच उभा राहिला, तरी थांबायचं. फेकण्याआधी डावीकडे, उजवीकडे आणि टोपलीच्या मागे बघायचं. एकाला टोपलीच्या बाजूला, फेकीच्या रेषेपासून दूर, पहाऱ्याला ठेवा. त्याचा हात वर असेल तर फेक बंद. डिस्क भरकटली तर गोल्फमधला इशारा ‘फोर’ ओरडून उपयोग नाही, तो शब्द कुणाला कळत नाही. ‘सांभाळा!’ असं मोठ्याने ओरडा, आणि ‘सॉरी’ म्हणायला स्वतः चालत जा.

“काय खेळून राहिले भाऊ?” हा प्रश्न दिवसातून दहादा येणार. एकाने थांबून उत्तर द्यावं, बाकीच्यांनी तोवर फेकू नये. काकांना तीन मीटरवरून दोन पट टाकायला द्या. साखळी वाजली की पुढच्या वेळी तेच इतरांना ‘जरा बाजूने जा’ सांगतात. लहान पोरं डिस्क उचलून पळतात, ओरडू नका, परत फेकायला सांगा. कुत्री पळवतात तेव्हा मात्र पाठलाग केला की त्यांना खेळच वाटतो. दुसरी डिस्क दाखवली तर पहिली टाकतात.

डिस्क अडकली, हरवली, खराब झाली

झाडात अडकलेल्या डिस्कला दगड मारू नका, दगड खाली कुणाच्या तरी डोक्यात येतो. माळ्याकडे लांब बांबू असतो, त्याला विचारा. पावसाळ्यात वाढलेल्या गवतात आणि झुडपांत हात घालू नका, घोणस आणि मण्यार या भागात आहेत. काठीने गवत बाजूला करा, बूट घाला. पावसानंतर काळी माती डिस्कच्या आतल्या कडेला लिंपून बसते, पुसली नाही तर पुढची फेक हातातून निसटते.

साधं बेस प्लास्टिक उन्हात मऊ पडतं. मे महिन्यात गाडीत किंवा स्कूटरच्या डिक्कीत राहिलेली डिस्क वाकते. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून सपाट फरशीवर वजनाखाली दाबली तर बरीचशी सरळ होते, पहिल्यासारखी नाही.

ट्रॅकच्या सिमेंट ब्लॉकवर डिस्क कडेने आपटली की प्लास्टिकचा बारीक खवला उभा राहतो. दिसत नाही, पण सोडताना तर्जनीच्या पेरावर बरोबर कापतो. खेळून झाल्यावर कडेवरून नख फिरवा. अडलं तर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढाच खवला घासा. अख्खी कड घासू नका, तिचा आकार बदलला की डिस्क वेगळी उडते आणि स्पर्धेत चालत नाही.